टेबलावर फुलदाणी आणि पलीकडचा माणूस गायब

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत डायनिंग रूम कशी सजवावी म्हणून अख्खं पान आलं होतं. आमच्या घरात ते सुनेने आणि मी दोघींनी वाचलं, तिने मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला आणि मी चष्मा काढून ठेवला. फोटो लई भारी होते, खोटं कशाला बोलू, पण एकाही फोटोत जेवायला बसलेलं माणूस नव्हतं आणि ताटात आमटीही नव्हती. सजावट चांगली की वाईट ते तर तिथेच कळतंय की.

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, गल्लीतली घरं असतात तसं लांबट, म्हणजे डायनिंग रूम म्हणायची पण खरं ते पूर्वीचं माजघरच. त्यात पाच बाय तीन फुटाचं सहा खुर्च्यांचं टेबल. गेल्या वर्षी सुनेने हौसेने एक काचेची फुलदाणी आणली, जवळजवळ दीड फूट उंच, त्यात सुकवलेलं कसलंतरी गवत. दिसायला छानच. पण आमचे दीर गावाहून आले, समोरासमोर बसले दोघे भाऊ, आणि हे डावीकडून बघतात तर ते उजवीकडून, शेवटी दीर म्हणाले, "वहिनी, हे गवत जनावरास्नी घाला की!" सून हसली, पण फुलदाणी गेली कपाटावर ती आजतागायत तिथेच आहे. तेव्हापासून आमच्या घरात नियमच झालाय, मधे ठेवायची वस्तू टेबलापासून फूटभराच्या वर नको. खुर्चीत बसायचं, कोपर टेबलावर टेकून हात उभा धरायचा, मनगटाच्या वर गेलं की परत द्यायचं. दुकानात उभं राहून हे कळतच नाही, उभ्याने सगळंच बुटकं दिसतं.

दुसरं लाईटचं. पुरवणीत टेबलावर लटकता दिवा घ्या असं लिहिलंय पण किती उंचीवर ते लिहिलंच नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो एवढा वर लावला की उजेड टेबलावर कमी आणि डोळ्यात जास्त. मग मी ब्लाउज शिवायची टेप घेऊन मोजलं. टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच, म्हणजे अडीच ते तीन फूट ठेवलं की ताटावर उजेड पडतो आणि समोरच्याचं तोंडही दिसतं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो तोही बघत जा, २७०० ते ३००० वाला पिवळसर असतो, ६५०० वाला पांढराफटक. आम्ही आधी तोच पांढरा लावला होता, त्यात हळदीची आमटी कशी दिसायची माहितीय, दवाखान्यात देतात तशी. तीच आमटी, तेच भांडं, बल्ब बदलल्यावर ह्यांनी दोनदा वाढून घेतली.

मेणबत्त्यांबद्दल मी काही बोलत नाही. आमच्याकडे टेबलावर मेणबत्ती पेटवली की शेजारीण खिडकीतून विचारते, तुमचीपण लाईट गेली काय ओ?

आरशाचा मात्र फटका बसलाय. आरसा लावला की खोली मोठी वाटते हे खरंच आहे, पण आपल्या घरात जेवणाच्या खोलीतच बेसिन असतं हे कुणी सांगायचं? आमचा आरसा असा लागला की जेवणाऱ्याला समोर चूळ भरणारा माणूस दिसायचा. आठवड्यात काढला. म्हणून लावायच्या आधी एकाने हातात धरून उभं राहावं आणि दुसऱ्याने प्रत्येक खुर्चीत बसून बघावं, काय काय दिसतंय ते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. पुरवणीतल्या सगळ्या वस्तू ऑनलाईन मागवायच्या आणि कुठून कुठून येणाऱ्या. अहो, आपण राहतोय कुठे? इथून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर खानापूर, तिथली माती कुंभारकामाला नावाजलेली, कौलं काय, मडकी काय, कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा तिथे आहे. घटप्रभेचा धबधबा बघायला गोकाकला सगळे जातात, येताना करदंट मिठाई आणतात, पण गोकाकची लाकडी रंगवलेली फळं आणि भाज्या किती घरात आहेत? आंबोली उतरलं की सावंतवाडी, तिथे लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचा पूर्ण डाव १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे बारा बारा, आणि त्याच गोल चित्रांसारखी ग्लासाखाली ठेवायची कोस्टर मिळतात, पाहुण्याने पाणी पिता पिता मत्स्य कूर्म ओळखावेत. आणि आपल्या शहापूर वडगाव खासबागेत माग चालतात, ते सोडून आपण टेबलावर घालायला प्लास्टिकची लेस आणतो, त्याला तेलाचा हात लागला की चिकट ती चिकटच.

मी काय केलं सांगते. आईची नऊवारी इरकल होती, टोप पदराची, अंगात जीर्ण झालेली पण काठ अजून ठणठणीत. इरकलीचं असंच, साडी विरते पण काठ विरत नाहीत. टेबल ६० इंच, दोन्हीकडे सहा सहा इंच लोंबायला पाहिजे म्हणजे ७२ इंच, बरोबर दोन वार. टेलरला सांगितलं दोन्हीकडे चार चार इंचाचे काठ घे आणि मधे पाच इंच साडीचं चांगलं अंग, खाली सुती अस्तर लाव. तो म्हणाला मावशी एवढ्याशा कामाला कोण घेतंय, पण केलं त्याने. तेरा इंच रुंद पट्टी झाली. त्यावर एका टोकाला हळदीचा डाग आहे, आईच्या हातचा आहे का माझ्या ते आता सांगता येत नाही. धुतलाही नाही मी तो.

खानापुरी मडक्याचा मात्र धडा घ्या. छोटं तांबडं मडकं आणलं, पाणी भरून झेंडू घातला, सकाळी बघते तर टेबलाच्या पॉलिशवर पांढरं वर्तुळ. विनाझिलईच्या मडक्याला पाणी पाझरणारच, पाझरतं म्हणूनच उन्हाळ्यात पाणी गार होतंय, हे मला लहानपणापासून माहीत आणि तरी हे केलं! आता आत स्टीलचा पेला, पाणी पेल्यात, मडक्याखाली एक ताटली आणि ताटलीवर जुन्या लुगड्याची चुंबळ, तीपण शोभेची झाली.

पितळेची भांडी मांडायची फॅशन परत आलीय, मांडा की. पण कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात सजावट म्हणून आमटी वाढायला जाऊ नका, आंबट कळकतं आणि पोटालाही वाईट. कल्हईवाला आता गल्लीत दिसतोच कुठे. त्यात पेरू ठेवा, लसणाच्या गड्ड्या ठेवा. भाकरीचं बुरुडाकडचं शिपतर, म्हणजे बांबूची टोपली, तर नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं तरी शोभतं, फक्त आपल्या पावसाळ्यात बांबूला आणि तागाला बुरशी धरते, जूनच्या आधी ऊन दाखवून आत ठेवायचं.

फुलांचं एकच. निशिगंध देवापुढे, जेवणाच्या टेबलावर नको. बेळगाव बासमतीचा भात वाढलाय आणि वास निशिगंधाचा येतोय, मग तो भात कशाला केला एवढा जपून. रूम फ्रेशनरचं तर विचारूच नका.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं पान काढाल तर खानापूर, गोकाक, सावंतवाडीला कोण काय बनवतंय, रोजची वस्तू साधारण कितीला पडते, थेट कारागिरांकडे जायचं कसं, हे छापा. आम्ही बाजारात "एष्टरी?" म्हणजे कानडीत केवढ्याला, असं विचारून घासाघीस करतो ती करतोच, पण माहीत तर पाहिजे कुठे जाऊन करायची.

आमच्या टेबलावर सध्या गोकाकचीच फळं आहेत, एक केळं, दोन आंबे, सीताफळ आणि पेरू. रंग इतका हुबेहूब की दिवाळीत पाहुण्यांच्या चार वर्षांच्या पोराने पेरू उचलून सरळ चावला आणि मग भोकाड पसरलं. त्याची आई ओशाळली, नवीन घेऊन देते म्हणाली. मी नको म्हटलं. पुसून ठेवलाय, दाताची खूण वरच्या बाजूला करून.

आपली एक वाचक,
शहापूर, बेळगाव