शहापूरच्या काचवाल्या मामांना

नमस्कार मामा,

आपल्याकडं संप म्हटलं की अंगणात फरशीखाली बांधलेली नळाच्या पाण्याची टाकी. फिशटँकखाली ठेवायला काचेचा संप, म्हणजे वरच्या टँकचं पाणी उतरून जिथून पंपानं परत वर चढतं ती पेटी, हवाय म्हटलं की लोक हसतात. तुम्ही हसला नाहीत, एवढंच विचारलंत, "लाईट गेली की वरचं पाणी कुठं जाणार?" त्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. ते उघड पत्रात मानतोय, कारण बहुतेकांना हा प्रश्न काच चिकटवून झाल्यावर पडतो.

वरचा टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद. त्यातली पातळी एक इंच उतरली की सुमारे १४ लिटर पाणी खाली येतं. पंप थांबला की पाणी वर नेणाऱ्या परतीच्या पाईपातून ते उलटं ओढलं जातं आणि पाईपचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. तोंड चार इंच बुडालेलं असेल तर पन्नासेक लिटर खाली, म्हणजे थेट फरशीवर. म्हणून तोंड एकच इंच बुडवलं, आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाईपाला ५ मिमीचं भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते, ओढ तुटते. भोकात शेवाळ धरतं; महिन्यातून एकदा उदबत्तीची काडी फिरवावी लागते. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नये, एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

संप ३० बाय १२ इंच, उंची १५. संपाचे कप्पे पाडणाऱ्या काचेच्या आडव्या पट्ट्या तुम्ही १० इंचांवर थांबवायला लावल्यात, त्यामुळं वर पाच इंच, म्हणजे २७-२८ लिटरची जागा मोकळी राहिली. मधली पट्टी तळापासून एक इंच उचललेली, म्हणजे बुडबुडे वर निघून जातात, पंपात शिरत नाहीत.

मापं मिलिमीटरमध्ये आणा, हा तुमचा हट्ट तेव्हा जाचक वाटला होता. पण ६ मिमीच्या काचेत बाहेरून ३०५ म्हणजे आतून २९३, आणि पट्टी २९० ची. दोन्ही बाजूंची दीड-दीड मिमी सिलिकॉनसाठी. पट्टी घट्ट बसेल अशी कापली तर सांध्यात सिलिकॉनच उरत नाही, आणि तो पुढं सुटतो.

सिलिकॉन आंबट वासाचं, साधं ॲसेटिक. बाथरूमचं बुरशी न धरणारं मिळतं ते नको, त्यातलं औषध माशांना बाधतं. पावसाळ्यात काम करू नका असं लोक सांगतात, पण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानंच धरतं. काच मात्र कोरडी आणि स्पिरिटनं पुसलेली हवी. एक आठवडा थांबून मग पाणी भरायचं, खाली वर्तमानपत्र अंथरून, म्हणजे थेंबभर गळती असली तरी दिसते.

पाणी खाली उतरवायला वरच्या टँकला भोक पाडण्याआधी काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना, हे तुम्ही दोनदा विचारलंत. टफन काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. टँक निपल, म्हणजे भोकात बसवून पाईप जोडायचा तुकडा, हातात घेऊनच भोकाचं माप ठरवलंत, तेही बरंच झालं, कारण एक इंची म्हणून विकलेल्या निपलांचीही बाहेरची मापं वेगवेगळी निघतात. रबरी वॉशर आतून, नट बाहेरून.

पंपाच्या खोक्यावर ताशी २००० लिटर लिहिलंय, ते शून्य उंचीचं. चार फूट वर चढवून १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरते, म्हणजे ताशी ९००. एवढ्या टँकला तेवढं पुरे.

स्विच बंद करून बघितलं. संपाच्या काठाला अजून दीड इंच बाकी होतं.

पुढच्या आठवड्यात झाकणाच्या पट्ट्या न्यायला येतोय. मापं मिलिमीटरमध्येच आणतो.

तुमचेच,
टिळकवाडीचे मासेवाले