थेंब न दिल्याबद्दल आभार

प्रिय फार्मासिस्ट ताई,

मला तुमचं नाव ठाऊक नाही. तुम्हालाही मी ‘तो उजवा कान धरून आलेला’ एवढाच आठवत असेन. मी घाईत होतो, मागे रांग होती, आणि मी थेट म्हणालो, “मळ काढायचे ड्रॉप्स द्या, जरा स्ट्राँग असलेले.” तुम्ही कपाटाकडे वळलाच नाहीत. उलट विचारलंत, “दुखतंय, की फक्त दडा बसलाय?”

मला राग आला होता, हे आज कबूल करतो. घरात गेल्या वर्षीची अर्धी बाटली होती. पोहून आल्यावर कान बंद झाला, तेव्हा तीच मी तीन दिवस टाकली होती. त्याआधी ईअरबडने कोरूनही झालं होतं. आग होत होती, पण औषध काम करतंय म्हणूनच आग होतेय, अशी माझी समजूत! तुम्ही मला कानाच्या भोकासमोरचा तो छोटा उंचवटा बोटाने दाबायला सांगितलात. दाबला आणि ओरडलो. रांगेतली माणसं हसली.

मग तुम्ही दोन मिनिटांत जे सांगितलंत, ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या मळाने सहसा दडा बसतो, कमी ऐकू येतं, आंघोळीनंतर मळ फुगून कान गच्च होतो. पण तो उंचवटा दाबल्यावर किंवा कानाची पाळी ओढल्यावर कळ आली, खाज सुटली, पाणी आलं, तर बाहेरच्या नळीच्या कातडीला संसर्ग झालेला असू शकतो. मळ सैल करणाऱ्या थेंबांत सोडियम बायकार्बोनेट किंवा पेरॉक्साइडसारखं काहीतरी असतं. सोललेल्या, सुजलेल्या कातडीला ते झोंबतं आणि संसर्ग काही बरा होत नाही. काही बाटल्यांत बधिर करणारं औषधही असतं, म्हणजे दुखणं दबतं आणि माणूस निवांत राहतो.

“शुगर आहे का?” हेही तुम्ही विचारलंत. कानाचा आणि साखरेचा काय संबंध, असं मला वाटलं. मधुमेह असलेल्यांत हाच संसर्ग कधी कधी हाडापर्यंत जातो, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं.

तुम्ही मला रिकाम्या हाताने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवलंत. पडदा शाबूत आहे की नाही, हे काउंटरवरून दिसत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर निओमायसिन, जेंटामायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून. गिऱ्हाईक परत पाठवणं दुकानाला परवडत नसावं, तरी तुम्ही पाठवलंत. पडदा ठीक निघाला. नळीतली घाण काढून डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेले थेंब लिहून दिले. बुरशी असती तर तेही चालले नसते, त्याची बाटली वेगळी.

चिठ्ठी घेऊन परत आलो तेव्हा थेंब टाकायचे कसे, हे तुम्ही करून दाखवलंत. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंब पडले की गरगरतं. कुशीवर झोपायचं, मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढायची, थेंब टाकून तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. मी पूर्वी थेंब टाकून लगेच उठायचो, निम्मं औषध मानेवर. दोन-तीन दिवसांत कळ ओसरली, पण आठवडा मी पुरा केला, आणि आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा.

दोन महिन्यांनी डावा कान बंद झाला. या वेळी काउंटरसमोर उभा राहून तो उंचवटा आधी मीच दाबला. दुखलं नाही. आधीचे तेच प्रश्न पुन्हा विचारून मगच तुम्ही मळाचे थेंब काढलेत, आणि बाटलीवर पेनाने आजची तारीख लिहिलीत: उघडल्यापासून महिनाभर, मग टाकून द्यायची. घरी जाऊन औषधांचा डबा उपसला. गेल्या वर्षीची ती बाटली अजून तिथेच होती, ताई. फेकली.

आपला,
उजव्या कानाचा (आणि आता डाव्याही) ग्राहक