पिवळे आम्ल, गळके पार्सल आणि ‘थोडे पाणी घाला’ हा सल्ला यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता नियंत्रण व ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे आज तिसऱ्यांदा बोलणे झाले. ते अर्ध्या तासापूर्वी संपले, म्हणजे समोरून फोन ठेवला गेला, आणि लगेच मी हे पत्र लिहायला बसलो आहे.

तुमच्या संकेतस्थळावरून मी ए. आर. दर्जाच्या ३५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ५०० मिलीच्या दोन बाटल्या आणि ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची एक बाटली मागवली होती. ए. आर. म्हणजे रासायनिक विश्लेषणासाठी लागणारा शुद्ध दर्जा, हे तुम्हाला सांगण्याची गरज नसावी. मी सोलापुरात ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा, चष्मा, हातमोजे आणि पाण्याचा नळ अशी व्यवस्था करून मी लहानसहान प्रयोग करतो आणि शेजारपाजारच्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून देतो.

पार्सल मे महिन्याच्या भर दुपारी आले. त्या दिवशी पारा ४३ अंशांच्या आसपास होता. कुरिअरच्या मुलाने खोके ओट्यावर ठेवले आणि मिनिटभरात त्याच्या एका कोपऱ्याखालची शहाबादी फरशी फसफसू लागली. आत काय आहे आणि ते गळते आहे, ही बातमी आम्हाला फरशीने दिली, कारण खोक्यावर ‘नाजूक वस्तू’ याखेरीज एक अक्षरही नव्हते. संक्षारक (जाळणाऱ्या, झिजवणाऱ्या) पदार्थाची खूण नव्हती आणि बाटल्या उभ्या ठेवाव्यात असा बाणही नव्हता. सुट्टीला आलेला माझा नातू खोके उचलायला वाकला होता, त्याला मी ओरडून मागे केले. खोक्यात तिन्ही बाटल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत आडव्या ठेवलेल्या होत्या. हायड्रोक्लोरिक आम्ल गळ्यापर्यंत भरलेले होते, झाकणाखाली आतले बूच नव्हते, आणि उन्हात वाफेचा दाब वाढल्यावर व्हायचे तेच झाले. अर्धा किलो खायचा सोडा त्या ओट्यावर खर्ची पडला. जिथे थेंब पडले तिथे फरशी आजही खडबडीत आणि पांढुरकी आहे. ज्या मुलाने हे खोके आपल्या मोटारसायकलवर मांड्यांमध्ये धरून आणले, त्याला आपण काय वाहून नेतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

आता शुद्धतेविषयी. न गळलेल्या बाटलीतील हायड्रोक्लोरिक आम्ल स्पष्ट पिवळे आहे. आमच्याकडे किराणा दुकानात फरशी धुण्यासाठी जे अ‍ॅसिड मिळते, त्याचा हाच रंग असतो. तरीही लेबलावर विश्वास ठेवून मी ते पाण्यातील लोह तपासण्यासाठी वापरले, आणि शेजारच्या सोसायटीच्या बोअरच्या नमुन्यात पोटॅशिअम थायोसायनेट टाकताच रक्तासारखा लाल रंग आला. मी अध्यक्षांना तसे कळवले. त्यांनी लोह काढणाऱ्या फिल्टरची चौकशीही सुरू केली. दोन दिवसांनी शंका आली म्हणून मी निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्यात तुमचे आम्ल घालून तीच चाचणी केली, तर तोच लाल रंग! दोन वर्षांपूर्वी तुमच्याच कंपनीची घेतलेली बाटली तळाशी थोडी शिल्लक होती. तिच्यातील आम्लाने पाणी काचेसारखे स्वच्छ राहिले. म्हणजे लोह बोअरमध्ये नव्हते, ते तुमच्या बाटलीत होते. बेरिअम क्लोराइडच्या दोन थेंबांनी पांढरी गढूळताही आली, म्हणजे सल्फेटही आहे. अशी नमुन्याशिवायची कोरी चाचणी आधी घ्यायला हवी होती, हा दोष माझा, आणि त्यासाठी मी सोसायटीत जाऊन माफी मागून आलो. परंतु ए. आर. दर्जाचे पैसे घेऊन व्यापारी आम्ल भरण्याचा दोष कोणाचा, याचे उत्तर मला हवे आहे.

पहिल्या फोनवर मी या आम्लाच्या उत्पादन-गटाचे (बॅचचे) विश्लेषण प्रमाणपत्र मागितले. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रमाणपत्र आले, ते सोडिअम क्लोराइडचे होते. म्हणजे मिठाचे. दुसऱ्या फोनवर हे सांगितले तेव्हा ‘नाव जवळपास सारखेच आहे, सर’ असे उत्तर मिळाले.

आजच्या फोनची हकीकत मात्र तुम्ही शब्दशः वाचावी अशी माझी इच्छा आहे. २८ मिनिटे संगीत ऐकल्यावर एक तरुण गृहस्थ आले. सल्फ्युरिक आम्लाला तपकिरी छटा आहे, बहुधा भरताना काही सेंद्रिय कचरा आत गेला असावा, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, ‘काका, बाटलीत थोडे पाणी घाला आणि हलवा, रंग फिका होईल.’ आपण चुकीचे ऐकले असे वाटून मी विचारले, ‘कोणत्या बाटलीत?’ ते म्हणाले, ‘त्याच, काका. सल्फ्युरिकच्या.’ मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले, आणि मला कमी ऐकू येते असे समजून त्यांनी ते सावकाश, एकेक शब्द तोडून म्हटले. ३१ वर्षे दर जून महिन्यात पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुलांकडून ‘पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही’ हे म्हणवून घेतले आहे. घनता १.८४ असलेल्या आम्लावर पाणी तरंगते, तिथेच उकळते आणि आम्लासकट तोंडावर उडते, हे अकरावीच्या मुलाला ठाऊक असते. आम्ल विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला ते ठाऊक नाही. माझ्या जागी एखादा हौशी विद्यार्थी असता आणि त्याने हा सल्ला ऐकून बाटली हलवली असती, तर आज त्याचे डोळे कोणी परत दिले असते? मी आवाज चढवल्यावर ते गृहस्थ म्हणाले, ‘काका, घरी अ‍ॅसिड लागते कशाला? संडास साफ होतोय ना?’ आणि फोन बंद झाला. पाठोपाठ संदेश आला: आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

आणखी एक गोष्ट. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले; ग्राहकाचे छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र पाहून नोंद ठेवणे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल न विकणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले. तुम्ही मला केवळ मोबाइलवर आलेला चार आकडी क्रमांक विचारलात. माझ्या फोनवरून माझ्या सोळा वर्षांच्या नातवालाही ही मागणी नोंदवता आली असती. तुमच्यासारख्यांच्या अशा ढिलाईमुळेच उद्या प्रामाणिक हौशी माणसाला शंभर मिली आम्लही मिळणार नाही.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी मी वर्षानुवर्षे तुमचेच नाव लिहीत आलो. स्वस्त निविदा बाजूला सारून मुख्याध्यापकांशी वाद घातले. आता ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

पंधरा दिवसांत मला या उत्पादन-गटाचे खरे प्रमाणपत्र, तिन्ही बाटल्यांचे पैसे, आणि हा गट बाजारातून परत घेतल्याचे लेखी उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास मी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ओट्याची, खोक्याची आणि लाल झालेल्या परीक्षानळ्यांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत, आणि आजचे संभाषणही ध्वनिमुद्रित आहे. ‘गुणवत्तेसाठी संभाषण ध्वनिमुद्रित केले जाईल’ असे तुमच्याच यंत्राने सुरुवातीला सांगितले होते, मीही केले.

तिन्ही बाटल्या परसात सावलीला, प्लास्टिकच्या टबात उभ्या ठेवल्या आहेत. त्या नेण्यासाठी माणूस पाठवाल तेव्हा हातमोजे आणि चष्मा देऊन पाठवा, आणि पाणी कशात घालायचे व कशात नाही हे त्याला निघण्यापूर्वी कोणीतरी समजावून सांगा. फोनवरच्या त्या गृहस्थांनी सांगू नये.

एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
सोलापूर