शेवटचे ‘जी’ अक्षर सोडू नका

मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की, कुडाळच्या दुकानदाराने आपल्या नव्या संगणकासाठी एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरऐवजी (प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू) नुसता ५६०० सुचवला आहे आणि एका अक्षराने काय बिघडणार, असे त्याचे म्हणणे आहे. मी घाईत नको म्हटले, पण कारण सांगायचे राहून गेले, म्हणून सविस्तर लिहिते. ‘जी’ असलेल्या प्रोसेसरच्या आतच पडद्यावर चित्र उमटवणारा भाग असतो. नुसत्या ५६०० मध्ये तो नसतो. त्यामुळे वेगळे ग्राफिक कार्ड घेतल्याशिवाय आपला मॉनिटर काळाच राहील, मग मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीला, मॉनिटर जोडायची व्हीजीए आणि एचडीएमआय ही दोन्ही पोर्ट असली तरी उपयोग नाही. कार्डाचे पैसे धरले की तो स्वस्त प्रोसेसर महागच पडतो. इंटेलचा दाखवला, तर त्याच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, एवढे पाहा, कारण तिथे ‘एफ’ म्हणजे ग्राफिक्स नाही.

नवा संगणक घ्याच, असा आग्रह मी धरला तो केवळ जुना मंद झाला म्हणून नव्हे. विंडोज १० ला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा देणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपल्या २०१२ च्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. पेन्शनचे आणि बँकेचे व्यवहार तुम्ही त्यावरच करता, याची मला खरोखर काळजी वाटते.

मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायची खोबण) आणि ए५२० चिपसेटचा (बोर्डावरचे भाग सांभाळणारी चिप) घ्यावा. हा चिपसेट ऑगस्ट २०२० मध्ये बाजारात आला आणि आपला प्रोसेसर त्यानंतर वर्षभराने, म्हणून दुकानात बरेच दिवस पडून राहिलेला बोर्ड त्याचे बायोस, म्हणजे बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्याशिवाय हा प्रोसेसर ओळखणार नाही. दोन्ही जोडून, पडदा उजळलेला दाखवल्यावरच पैसे द्या. मायक्रो एटीएक्स आकाराचा बोर्ड २४.४ सेंटिमीटरच्या चौरसात मावतो, तेव्हा आपले जुने कॅबिनेट चालेल. मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे, म्हणून बोर्डावर ते पोर्ट हवेच.

रॅमबाबत मात्र थोडे थांबून विचार करा. जुन्या संगणकातली रॅम काढून नव्यात घालू, असे तुम्ही म्हणालात. ती डीडीआर३ या जुन्या पिढीची आहे आणि एएम४ बोर्डाला डीडीआर४च लागते. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावला तर रॅमही जाईल आणि बोर्डही. डीडीआर५ नवी असली तरी तीही इथे बसत नाही. सोळा जीबीची एकच रॅम घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या, कारण आपल्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेते, आणि दोन रॅम असल्या की माहितीच्या वाहतुकीला दोन मार्ग मिळतात. त्याच पैशांत हा फरक पडतो.

माहिती साठवायला पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) पुरे. तिच्या जेन ४ या अधिक वेगवान पिढीसाठी जास्त पैसे मोजू नका, हा प्रोसेसर जेन ३ पर्यंतच वेग देतो. जुनी हार्ड डिस्क साटा केबलने जोडून घ्या, म्हणजे आईने जपलेले सगळे फोटो तिथेच राहतील. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र जुना नको. कोकणातल्या दमट हवेत इतकी वर्षे चाललेल्या एसएमपीएसवर नवे भाग सोपवणे मला धोक्याचे वाटते. प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे उष्णतेचा आणि साधारण विजेचा अंदाज, ६५ वॅटचा आहे, त्यामुळे चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा पुष्कळ झाला. वीज सारखी जाते, तेव्हा ६०० व्हीएचा यूपीएस त्यासोबतच घ्या.

प्रोसेसर कंपनीच्या सीलबंद खोक्यातलाच मागा, कारण त्यात पंखा असतो आणि कंपनीची वॉरंटीही मिळते. बिलावर प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि पैसे देण्यापूर्वी त्याचा फोटो मला पाठवा. मी कामात असले तरी लगेच पाहीन.

आई, नातीशी बोलायचा तुझा कॅमेरा यूएसबीचा आहे, तो नव्या संगणकालाही तसाच जोडता येईल.

तुमची लेक