पंख्याचं तोंड फिरवणाऱ्या बायस

बाय,

तू पुण्याला गेलीस तेव्हा धड बोलताही आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहिते.

नागीण येऊन गेली, खपल्या पडल्या, पण पाठीपासून छातीखालपर्यंतची आग काही जाईना. पदर घासला तरी जीव कळवळायचा. इथल्या एका डॉक्टरांनी ऐकवलं, "कातडी साफ झालीय, आता काय दुखतंय? मनाचे खेळ." दुसऱ्यांनी माझ्याकडे न बघताच मुलाला सांगितलं, "वय झालंय त्यांचं." शिकल्यासवरल्या माणसांनी असं बोलावं? रात्री बसून काढायच्या आणि दिवसा घरच्यांपुढे चोरासारखं वावरायचं. ते बोल मी विसरणार नाही.

गणपतीत तू दर्शनाला आलीस. माणसांची गर्दी, देवगडचा उकाडा, सुनेने टेबलफॅन लावलेला. वारा अंगावर आला की मी आकसायची. तू करंजीची ताटली खाली ठेवलीस, उठलीस आणि पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलंस. मग हळूच विचारलंस, "काकी, वारासुद्धा चटकतो ना?" मला रडूच फुटलं. तू स्वतः घामाने निथळत होतीस, पण उठेपर्यंत पंखा परत फिरवला नाहीस.

मग तुझं संशोधन सांगितलंस. आपल्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनं बनवायला लागतो. बाकीच्यातूनही आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरलेल्या नकला, निघतात, ते प्रथिन बनवत नाहीत, पण दुसऱ्या जनुकांचं काम कमी-जास्त करतात. त्यातल्याच अगदी आखूड अशा मायक्रोआरएनएच्या शोधाला 2024 चं नोबेल मिळालं. कण्यालगत मज्जापेशींच्या गाठी असतात, कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं तिथेच दडून राहतो आणि तोच पुढे नागीण होऊन उठतो. नस दुखावली की अशा गाठींत एक लांब आरएनए वाढतो आणि पेशीला शांत ठेवणारी पोटॅशियमची दारं कमी करतो, हे 2013 साली उंदरांत दिसलं. पाटाचं तोंड बुजलं की भाताचा कुणगा तुंबतो, तशी पेशी तुंबते आणि नुसत्या स्पर्शालाही कळ धाडते. तो आरएनए अडवल्यावर उंदरांचं दुखणं उतरलं. माणसांसाठी असं औषध अजून नाही आणि तुमच्यात नेमकं हेच झालंय असंही मी म्हणत नाही, हेही तू सांगितलंस. पण कातडी भरली म्हणजे नस भरली असं नसतं, एवढं कळल्यावर माझी मान वर झाली.

पुढचे डॉक्टर, गोळ्या, सगळं तू सुचवलंस तसंच झालं. अजून दुखतं, पण आता झोप लागते.

शिक्षण पुष्कळांकडे असतं गं. समोरच्याचं दुखणं खरं मानायची माणुसकी तुझ्या आईवडिलांनी तुला दिली, त्यांनाही माझा नमस्कार सांग.

परवा खालच्या वाडीतल्या भावोजींना कमरेवर तसेच फोड उठले. औषध शक्यतो 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, हे तुझं बोलणं आठवलं आणि त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पिटाळलं.

तुझी,
काकी