फायबर काँक्रीट : नुसते ठोकळे फोडून काय कळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुनर्विकासामुळे पुण्यात गल्लोगल्ली इमारती पाडल्या जात आहेत. राडारोडा नदीपात्रात न टाकता त्याची खडी करावी, हे आता सगळ्यांना पटलं आहे. वाघोलीला त्यासाठी प्रकल्पही आहे. पण आमच्या सोसायटीला पार्किंगच्या कोब्यासाठी एका ठेकेदाराने अशी खडी सुचवताना सांगितलं, ‘फायबर टाकतो, मग जाळी नको, पाणीही फार मारायला नको.’ (फायबर म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे प्लास्टिकचे किंवा स्टीलचे बारीक तंतू.) पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली दाबून फोडण्यात, म्हणजे त्यांची ताकद मोजण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

ही खडी हातात घेऊन पाहा. काळ्या दगडाला जुनं सिमेंट-वाळू चिकटलेलं असतं, नखाने खरवडलं तरी भुकटी निघते. हा थर पाणी पितो. खडी आधी भिजवली नाही तर ती मिक्सरमधलंच पाणी ओढते, माल आळतो आणि मजूर वरून बादली ओततात. ताकद गेली ती तिथे. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, आरसीसीत 20 टक्के, तीही एम-25 या ताकदीच्या प्रतीपर्यंतच चालवून घेतली आहे, ती उगीच नाही.

फायबरचं काम तडा गेल्यावर सुरू होतं. साधा ठोकळा मशीनखाली फुटला की तुकडे झाडून काढावे लागतात. स्टील फायबरचा भेगाळतो, पण अख्खा उचलता येतो. गंमत अशी, की दोघांचे ताकदीचे आकडे बहुधा जवळपास सारखेच! पॉलिप्रोपिलीनचे केसासारखे तंतू, घनमीटरला साधारण 900 ग्रॅम, ओल्या कोब्यावरच्या बारीक भेगा आवरतात. गाड्यांचा भार घ्यायला ते पुरत नाहीत. तिथे टोकं वाकवलेलं स्टील फायबर लागतं, घनमीटरला वीस-तीस किलो तरी, आणि तेही हळूहळू सोडावं लागतं, नाहीतर गोळे होतात. पाणी मारणं मात्र कशानेच टळत नाही.

म्हणून महापालिकेने फुटपाथ आणि गल्लीबोळांतल्या रस्त्यांसाठी हे राडारोड्याच्या खडीचं फायबर काँक्रीट जरूर वापरावं, पण नुसत्या ठोकळ्यांच्या अहवालावर बिल काढू नये. त्याच मालाचा बीम ओतून वाकवून मोडावा आणि पहिल्या तड्यानंतर तो किती भार धरतो, याची नोंद मागावी. सोसायट्यांनी निदान फायबर कोणतं आणि घनमीटरला किती, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं. आमच्या ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये एवढंच आहे : ‘फायबर – आवश्यकतेनुसार’.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे