सूचना : रविवारची बैठक, विषय डीन गिल्डरस्लीव्ह

सभासदांनो, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. या वेळी व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या त्या विद्यार्थिनी, पुढे तिथेच इंग्रजीच्या प्राध्यापिका आणि १९११ ते १९४७ डीन. डॉक्टरेट केली ती एलिझाबेथकालीन नाटकांवरच्या सरकारी नियंत्रणावर. नंतर स्वतःच कारभारी झाल्या, ही गंमतच! १९३० च्या दशकात त्यांनी प्राध्यापिकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळवून दिली. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत, संयुक्त राष्ट्रांची सनद ठरली तिथे, अमेरिकी शिष्टमंडळात त्या एकट्याच स्त्री प्रतिनिधी. ज्यू विद्यार्थिनींच्या प्रवेशाबाबतच्या धोरणावरून मात्र त्यांच्यावर कडक टीका झाली आहे. त्यावरही बोलू, नुसता गौरव नको.

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत गटावर कळवावं; चहा त्याच अंदाजाने सांगायचा आहे.